बाईच्या नावाचे घर

(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



पीटर नावाच्या खोडकर सशाची गोष्ट आपल्यापैकी काहींच्या मुलांनी वाचली असेल. ती लिहिणाऱ्या बिॲट्रिक्स पॉटर यांच्या घराची हकीगत आज सांगते.

इंग्लंडच्या उत्तरेला, डोंगर-तळ्यांच्या मुलखात, निअर सॉरी नावाचे लहानसे खेडे आहे. तेथे सतराव्या शतकातले एक दगडी शेतघर आहे. नाव हिल टॉप. बिॲट्रिक्सबाई लंडनच्या श्रीमंत घरातल्या. एकोणचाळिशी आली तरी आईवडिलांच्या धाकात होत्या. १९०५ साली त्यांनी आपल्या प्रकाशकांपैकी नॉर्मन वॉर्न यांच्याशी लग्न ठरवले. ते व्यापारी घरातले, म्हणून आईवडिलांना पसंत नव्हते. महिनाभरातच ते आजारी पडून वारले. दुसरी एखादी खचून बसली असती. बाईंनी त्याच वर्षी पुस्तकांचे पैसे व वारशाची थोडी रक्कम घालून हिल टॉप विकत घेतले.

तेथे जॉन कॅनन हा शेतकरी कुटुंबासह राहून शेती पाहत होता. मालकीणबाईंनी त्याला बाहेर काढले नाही. त्याच्या कुटुंबासाठी घराला लागून नवा भाग बांधला, जुना स्वतःकडे ठेवला आणि भिंतीवर आपली आद्याक्षरे व १९०६ हे साल कोरून घेतले. पुढे जेमायमा बदकाच्या गोष्टीतल्या चित्रांत कॅननची बायकामुलेही आली.

१९१३ साली विल्यम हीलिस या वकिलांशी लग्न होऊन त्या गावातच दुसऱ्या घरी गेल्या. पण हिल टॉप विकले नाही. लिहिण्यासाठी, चित्रांसाठी, निवांत बसण्यासाठी त्या तेथे येत. पुढे शेते मोडून बंगले उठू नयेत म्हणून आसपासची शेतेही घेतली, मेंढ्या पाळल्या. १९४३ साली त्या वारल्या, तेव्हा ४,००० एकरांहून अधिक जमीन त्यांनी नॅशनल ट्रस्ट या संस्थेला दिली. १९४६ पासून हिल टॉप लोकांना पाहता येते. आतल्या वस्तू त्यांनी ठेवल्या तशाच आहेत.

भगिनींनो, घर झाडायचे, सजवायचे आपण. परवा मी आमच्या घराचा उतारा काढून पाहिला. त्यावर माझे नाव नाही. बावीस वर्षांत मी कधी विचारलेही नव्हते. २००५ च्या कायद्याने हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा दिला, पण विचारणारी पाहिजे ना! तुम्हीही घरी जाऊन कागद पाहा. भांडू नका, मात्र विचारल्यावाचून राहू नका.