खासदाराकडे काय मागायचं?



दीक्षान्त समारंभात शास्त्रज्ञांची आणि उद्योगपतींची चरित्रं सांगायची रीत आहे. मी खासदारांबद्दल बोलणार आहे. हसलात तरी चालेल. कुणाला मत द्या, हे मी सांगणार नाही. खासदार नावाचा माणूस आयुष्यभर नेमकं काय करतो, हे आपण मतदार कधी विचारत नाही, आणि त्याचा फायदा आळशी खासदारांना होतो, एवढंच माझं म्हणणं आहे.

सुरुवात आपल्याच भागापासून करू. लोकलने आसनगावहून कल्याणकडे निघालं की वासिंद, खडवली आणि मग टिटवाळा. टिटवाळ्याला आपण गणपतीसाठी उतरतो. पण 7 जानेवारी 1945 रोजी तिथे किसान सभेची परिषद भरली होती. पार उंबरगाव तालुक्यातून वारली आदिवासी तिथे आले होते. जमीनदाराकडे वेठ करायची नाही असं कुणी उघडपणे म्हणू शकतं, हे त्यांनी तिथे ऐकलं आणि घरी नेलं. त्याच वर्षी मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी सभा झाली आणि वारल्यांचा लढा पेटला. त्या लढ्याचे नेते होते शामराव आणि गोदावरी परुळेकर.

गोदावरीबाईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ तुमच्यातल्या काहींनी वाचलं असेल. शामरावांची आठवण मात्र फारशी निघत नाही. हा माणूस आधी भारत सेवक समाजात होता. 1937 मध्ये तो डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबईच्या विधिमंडळात गेला. खोती ही जमीनदारी रद्द करा म्हणून जानेवारी 1938 मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर चालून गेले, तेव्हाही तो त्यांच्याबरोबर होता. पुढे कम्युनिस्ट झाला, तुरुंगात गेला, आणि 1957 मध्ये ठाण्यातून लोकसभेत. तेव्हा ठाणे हा दोन खासदार निवडणारा मतदारसंघ होता आणि त्यातली एक जागा आदिवासींसाठी राखीव होती. 1965 च्या ऑगस्टमध्ये आर्थर रोड तुरुंगात स्थानबद्ध असतानाच शामराव वारले. कारकीर्द म्हणून बघाल तर यात पायऱ्या चढत जाणं कुठेच दिसत नाही. पक्ष बदलले, सभागृहं बदलली, पण कसणाऱ्याची जमीन आणि राबणाऱ्याची मजुरी हा विषय शेवटपर्यंत तोच राहिला.

आता अगदी विरुद्ध टोकाचा माणूस घ्या. रामभाऊ म्हाळगी. जन्म 1921, पुणे जिल्ह्यातलं कडूस. पेशाने वकील, पक्षाने जनसंघी. 1957 मध्ये मावळातून आमदार झाले, आणीबाणीत तुरुंगात गेले, आणि 1977 आणि 1980 अशा दोन निवडणुकांत ठाण्यातून खासदार. 1982 मध्ये पदावर असतानाच गेले. रामभाऊ दरवर्षी आपल्या कामाचा अहवाल छापून मतदारांपुढे ठेवत. कायद्याने तसं काही बंधन नव्हतं, आजही नाही. ज्याने निवडून दिलं त्याला हिशेब द्यायचा, ही सरळ वकिली शिस्त. शामराव आणि रामभाऊ यांना एका खोलीत बसवलं असतं तर बहुधा पाच मिनिटांत भांडण झालं असतं. तरी मला दोघे एकाच जातकुळीचे वाटतात. दोघांनीही खासदारकीला काम मानलं.

सगळ्यांची अशी आठवण राहत नाही. साठच्या दशकात आपल्या भागातून लोकसभेत गेलेले सोनूभाऊ बसवंत आज शहापुरातल्या कॉलेजच्या नावात आहेत. त्या कॉलेजात शिकलेल्या किती जणांना ते खासदार होते हे ठाऊक असेल? आपला भिवंडी मतदारसंघही मध्यंतरी पुसला गेला आणि फेररचनेनंतर 2009 मध्ये परत आला. शहापूर, मुरबाड, भिवंडी ग्रामीण, भिवंडी शहराचे पूर्व आणि पश्चिम, आणि कल्याण पश्चिम असे त्याचे सहा तुकडे. आधी सुरेश टावरे, मग दोनदा कपिल पाटील, जे 2021 मध्ये केंद्रात पंचायती राज खात्याचे राज्यमंत्री झाले, आणि 2024 पासून सुरेश म्हात्रे. पंधरा वर्षांत तीन पक्ष. त्यांचा हिशेब मांडायला हे व्यासपीठ योग्य नव्हे, तो तुम्ही मांडायचा आहे. पण मांडणार कसा?

आपण खासदाराकडे समाजमंदिर मागतो, बसथांबा मागतो, लग्नाला या म्हणतो. 1993 पासून खासदार निधी आला आणि ही सवय पक्की झाली. वर्षाला पाच कोटी रुपये. वरच्या सहा तुकड्यांत वाटून बघा, पाटीवर नाव लिहिण्यापुरते उरतात. खरं काम अकरा वाजता प्रश्नोत्तराच्या तासात असतं. किमान पंधरा दिवस आधी सूचना द्यायची, सोडत निघते, आणि दिवसाच्या यादीत तोंडी उत्तराचे फक्त 20 प्रश्न लागतात. बाकीच्यांना लेखी उत्तर. लेखी उत्तराला कुणी टाळ्या वाजवत नाही, पण मंत्र्याला आपली गोष्ट कागदावर कबूल करावी लागते. मतदानाच्या वेळी मात्र खासदाराचे हात बांधलेले असतात. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेश मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं. खासदाराने स्वतः आणलेल्या खासगी विधेयकाचा कायदा झाला, असं 1970 नंतर घडलेलं नाही. म्हणून प्रश्न विचारणं हेच त्याचं मुख्य हत्यार.

आणि प्रश्न तर आपल्याकडे ढीगभर. कसारा मार्गावरच्या लोकल आणि वाढीव मार्ग हा रेल्वेचा, म्हणजे सरळ केंद्राचा विषय. तिथे खासदाराला सबब नाही. पाण्याचं तसं नाही. तानसा 1892 पासून मुंबईला पाणी देतंय, मुंबईच्या पाण्यातला सर्वांत मोठा वाटा भातसाचा, आणि दोन्ही धरणं शहापूर तालुक्यात. उन्हाळा आला की याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर. धरण उशाला, कोरड घशाला, हे आपल्याइतकं कुणाला कळणार! पण पाणी हा मुख्यतः राज्याचा विषय, आणि या एका वाक्यामागे कितीतरी खासदार सुखाने लपले. नळजोडणीच्या केंद्रीय योजनेचे पैसे आपल्या तालुक्यात कुठे खर्च झाले, हा प्रश्न मात्र दिल्लीत विचारता येतो. कुठल्या दारावर कुठला प्रश्न न्यायचा, एवढं कळायला पदवीचं शिक्षण पुरेसं आहे.

तेव्हा लोकसभेच्या संकेतस्थळावर जा. तुमच्या खासदाराने विचारलेले प्रश्न आणि मिळालेली उत्तरं तारखेसह तिथे आहेत. ती वाचा आणि पुढच्या जनसंपर्क कार्यक्रमात हार घालायच्या आधी त्यातलं एखादं उत्तर पुढे करा. आणखी एक वाट आहे, ती फारशी कुणी वापरत नाही. कुणीही नागरिक लोकसभेला विनंतीअर्ज करू शकतो. तो सभागृहात ठेवायला खासदाराची प्रतिस्वाक्षरी लागते, त्यामुळे त्याला तो निदान वाचावा तरी लागेल. अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत हवा. मराठीत लिहिलात तर सोबत सहीनिशी भाषांतर जोडावं लागतं. टँकरच्या पाड्यांवरच्या बाया मराठीत नीट सांगतील. भाषांतर करणारी माणसं मला आज इथे समोरच दिसतायत.