डॉ. उषा मेहता : राज्यशास्त्राच्या एक अध्यापिका

राज्याची आज्ञा माणसानें कां पाळावी, आणि कोणत्या प्रसंगीं ती मोडावी, हा राजकीय तत्त्वज्ञानांतील आद्य प्रश्न होय. त्या प्रश्नाचा ग्रंथांतून विचार करणारे पंडित पुष्कळ असतात. मुंबईच्या डॉ. उषा मेहता यांना मात्र त्यावर प्रबंध लिहिण्यापूर्वींच आपल्या आचरणानें उत्तर द्यावें लागलें.

त्यांचा जन्म सुरतेजवळील सरस या गांवीं २५ मार्च १९२० रोजीं झाला. वडील ब्रिटिश अमदानींत न्यायाधीश होते. तरीहि १९२८ सालीं, वयाच्या आठव्या वर्षीं, ही मुलगी सायमन कमिशनच्या निषेधाच्या मिरवणुकींत सामील झाली. १९३२ सालीं कुटुंब मुंबईस आलें. विल्सन कॉलेजांतून १९३९ सालीं तत्त्वज्ञान विषय घेऊन त्या पदवीधर झाल्या व कायद्याच्या अभ्यासास लागल्या. १९४२ च्या ऑगस्टमध्यें ‘चले जाव’चा लढा सुरू झाला आणि तो अभ्यास तेथेंच थांबला.

पुढारी तुरुंगांत गेले होते व वृत्तपत्रांवर बंधनें आलीं होतीं. अशा वेळीं उषाबाई व त्यांचे सहकारी यांनीं मुंबईंत काँग्रेसचें गुप्त नभोवाणी केंद्र उभारलें. ४२.३४ मीटरवरून तें बोलत असे. पोलिसांना सुगावा लागूं नये म्हणून त्याची जागा वारंवार बदलावी लागे. चिमूर व आष्टी येथील अत्याचारांची हकीकत या केंद्रानें लोकांच्या कानीं घातली. १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं पोलिसांचा छापा पडला. चौकशी कित्येक महिने चालली. उषाबाईंनीं एक शब्दहि सांगितला नाहीं. न्यायालयांत त्यांनीं प्रथम विचारलें, उत्तरें देणें बंधनकारक आहे काय? तसें बंधन नाहीं असें कळतांच त्यांनीं एकाहि प्रश्नाचें उत्तर देण्याचें नाकारलें. चार वर्षांची शिक्षा झाली; १९४६ च्या मार्चमध्यें येरवड्याहून त्यांची सुटका झाली.

सत्ता ही प्रजेच्या सहकारावर उभी असते, तो काढून घेतला कीं ती डळमळते, हा गांधींच्या राजकीय विचाराचा गाभा होय. उषाबाईंचें न्यायालयांतील मौन म्हणजे असा सहकार नाकारणेंच होतें. स्वातंत्र्यानंतर त्यांनीं डॉक्टरेटसाठीं गांधींचा राजकीय व सामाजिक विचार हाच विषय घेतला, यांत नवल नाहीं.

परंतु येथें एक अवघड प्रश्न उभा राहतो. गांधींना गुप्तता मान्य नव्हती. १९४४ सालीं सुटून आल्यावर त्यांनीं भूमिगत कार्यकर्त्यांना उघडपणें पुढें येण्याचा सल्ला दिला. मग गुप्त केंद्र चालविणें सत्याग्रहांत बसतें काय? हिंसा नव्हती हें खरें, पण लपवाछपवी होती हेंहि खरें. साध्य व साधन यांचा हा वाद ज्यांच्या स्वतःच्या आयुष्यांतच होता, त्यांना गांधीविचार हा केवळ परीक्षेचा विषय कसा राहील?

विल्सन कॉलेजांत त्यांनीं अनेक वर्षें अध्यापन केलें. पुढें मुंबई विद्यापीठाच्या नागरिकशास्त्र व राज्यशास्त्र विभागाच्या त्या प्रमुख झाल्या व १९८० सालीं निवृत्त झाल्या. हा विभाग आज उपनगरांत, सांताक्रुझजवळ कलिना येथील विद्यानगरींत आहे. तेथें रोज लोकलनें अंधेरी–बोरिवलीकडून तसेच मुलुंड–घाटकोपरकडून विद्यार्थी येतात. डॉ. आलू दस्तूर यांच्या सहकार्यानें उषाबाईंनीं १९५२ ते १९५६ या काळांतील मुंबई राज्याच्या काँग्रेस कारभाराचा अभ्यास ग्रंथरूपानें मांडला. ज्या पक्षासाठीं कारावास सोसला, त्याच पक्षाच्या राजवटीकडे अभ्यासकाच्या दृष्टीनें पाहणें, ही गोष्ट सोपी नव्हे. स्त्रियांच्या मुक्तीस गांधींनीं लावलेल्या हातभाराविषयींहि या दोघींनीं मिळून लिहिलें. गांवदेवीच्या मणिभवनाचें कार्य त्यांनीं अखेरपर्यंत पाहिलें. १९९८ सालीं त्यांना पद्मविभूषण मिळालें. ११ ऑगस्ट २००० रोजीं त्यांचें निधन झालें.

आज्ञापालन केव्हां कर्तव्य ठरतें व केव्हां भ्याडपणा, हें कोणतेंहि पाठ्यपुस्तक कायमचें ठरवून देऊं शकत नाहीं. प्रत्येक पिढीनें तें स्वतः पारखावयाचें असतें. तशी पारख करण्याची संवय विद्यार्थ्यांना लागावी, यासाठींच राज्यशास्त्र शिकवावयाचें असतें.