खळ, कलिल आणि वीज वाहणारा धागा
(बऱ्हाणपूर येथे दिलेल्या भाषणाचा पाठ)



वीज वाहून नेणारा धागा बऱ्हाणपूरला नवा नाही. 17व्या शतकात फ्रेंच व्यापारी ताव्हेर्न्ये इथे आला. इथले सोन्यारुप्याच्या पट्ट्यांचे तलम कापड इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जाते, असे त्याने लिहून ठेवले. खरी जर म्हणजे रेशमावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार. आजीच्या लुगड्याच्या जरीकाठाला शाळेतला मल्टिमीटर लावा, काटा हलेल. प्लास्टिकची जर चमकते तेवढीच, पण वर रोगणाचा थर असल्याने तिथे तो बहुधा हलत नाही. अमेरिकेत एमआयटीच्या रेमी पोस्ट आणि मॅगी ऑर्थ यांनी 1990च्या दशकात कापडात विद्युतमंडले बसवली, ती भारतातल्या अशाच धातू गुंडाळलेल्या रेशमी ऑर्गन्झावर.

धातूची तार मात्र दुमडून दुमडून तुटते. म्हणून मऊ धागा हवा. काही प्लास्टिके वीज वाहू शकतात हे 1977 मध्ये दिसले. हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना त्यासाठी 2000 सालचे नोबेल मिळाले. अडचण एवढीच की ही प्लास्टिके सहसा वितळत नाहीत आणि विरघळतही नाहीत. मग सूत काढायचे कसे?

त्यावर तोड निघाली ती त्यांचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवण्याची. ‘पेडॉट’ नावाच्या प्लास्टिकचे कण काही दशक नॅनोमीटरचे असतात. आपला केस सुमारे 80 हजार नॅनोमीटर जाड. ‘पीएसएस’ नावाचे दुसरे बहुवारिक त्यांना पाण्यात धरून ठेवते. हा गर्द निळा पातळ पदार्थ बारीक छिद्रातून ॲसिटोनमध्ये सोडायचा. ॲसिटोन पाणी ओढून घेते, कण एकमेकांना चिकटतात, धागा धरतो. जपानमध्ये ओकुझाकी आणि इशिहारा यांनी 2003 मध्ये असे धागे काढून दाखवले. आपल्या गावात हे समजावणे सोपे आहे: मावा जिलबीचा घोल तुपात पडताच आकार धरतो, तसेच. फरक इतकाच की तिथे काम तापलेले तूप करते, इथे ॲसिटोन.

आता शब्दांकडे येतो. विद्यार्थी सर्रास लिहितात, ‘कण पाण्यात विरघळवले’. हे चूक आहे. साखर विरघळते, दुधातले स्निग्ध कण विरघळत नाहीत, विखुरलेले राहतात. कोशातला ‘अपस्करण’ हा शब्द प्रकाशाच्या वर्णपटासाठी रूढ आहे, तो इथे ओढू नये. ‘कलिल’ हा शब्द बरोबर आहे, पण कानाला परका.

मला आठवते ती खळ. मागावर ताण्याचे सूत तुटू नये म्हणून त्याला खळ देतात. तिलाच हातमागावर पांजणी म्हणत, यंत्रमागावर सायझिंग म्हणतात. कापड विणून झाले की खळ धुऊन काढायची, नाहीतर रंग नीट बसत नाही. पीएसएसचे नेमके हेच आहे. त्याच्यावाचून सूत निघत नाही, पण ते स्वतः वीज जवळजवळ वाहत नाही. म्हणून धागा तयार झाल्यावर गंधकाम्लासारख्या द्रवाने त्याचा बराच भाग काढून टाकतात, आणि धाग्याची विद्युतवाहकता कित्येक पटींनी वाढते.

उत्तरपत्रिकेत ‘कलिल’ जरूर लिहावे. फळ्यावर मात्र आधी ‘खळ’ लिहावी. वर्गातल्या किती मुलांना हा शब्द घरी ऐकलेला आठवतो, ते शिक्षकांनी एकदा विचारून पाहावे. ज्यांना आठवत नाही त्यांच्या घरी आजोबा असतील, तर त्यांना विचारायला पाठवावे, आणि ताणा, बाणा, पांजणी यांच्याबरोबर आणखी जे शब्द मिळतील ते वहीत उतरवून आणायला सांगावे.