चष्म्यातला बाजार आणि आपल्या मुली

(जळगाव-धुळ्याच्या कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



स्वमग्न मुलांना चारचौघांत वावरायला शिकवण्यासाठी एक यंत्र वापरतात. जाड चष्म्यासारखे उपकरण डोळ्यांवर चढवले की खरा वाटणारा रस्ता, दुकान, वर्ग समोर उभा राहतो. त्याला व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी म्हणतात. 1996 साली अमेरिकेत डोरोथी स्ट्रिकलँड आणि सहकाऱ्यांनी दोन स्वमग्न मुलांवरचा असा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात मुले आभासी रस्त्यावरच्या गाड्या ओळखत होती.

याचा फायदा समजण्यासारखा आहे. जळगावच्या बसस्टँडवर भोंगे, घोषणा, धक्काबुक्की सगळे एकदम अंगावर येते. गोंगाटाने बिथरणाऱ्या मुलाला तिथे काय शिकवणार? चष्म्यात आवाज कमी करता येतो, तोच प्रसंग दहादा आणता येतो, चुकले तर हसायला कोणी नसते. मात्र तिथे जमलेले खऱ्या बाजारात जमेलच असे नाही. तिथे पिशवी घेऊन सोबत जायचे काम शेवटी आईकडेच येते.

पण मला यंत्रापेक्षा धड्याविषयी बोलायचे आहे. नजरेला नजर दे, हस, सांगितलेले ऐक. मुलींना तर हे आपण यंत्राविनाच शिकवत आलो! म्हणूनच स्वमग्न मुलगी पटकन ओळखू येत नाही. कोपऱ्यात गप्प बसली तर पोरगी गुणाची ठरते. चार मुलांमागे एक मुलगी, असे वर्षानुवर्षे सांगत. 2017 साली अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा प्रमाण तिनास एकच्या जवळ निघाले.

ऐकायचीच सवय लागलेली मुलगी परक्याचेही ऐकते. दुकानात कोणी हात धरला तर? म्हणून चष्म्यातल्या बाजारात सुटे पैसे मोजण्याबरोबर हात सोडवण्याचा, ओरडण्याचा, निघून जाण्याचाही प्रसंग हवा. आणि तो तिच्या बोलीत हवा. धुळ्याकडच्या अहिराणी घरातल्या मुलीला 'माले नको' म्हणता आले पाहिजे.

यंत्र नसले तरी अडत नाही. ओसरीवर दुकान मांडा, बापाला दुकानदार करा. बापाला, हे मुद्दाम म्हणते. ब्रुनो बेटलहाइम यांनी 1967 च्या पुस्तकात स्वमग्नतेचे खापर आईच्या थंडपणावर फोडले. ते मत केव्हाच खोटे ठरले, तरी घरोघरी बोल आईलाच लागतो.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे. प्रमाणपत्र काढायला आईला एकटीला पाठवू नका, दोघीतिघी सोबत जा.