कुंपणापलीकडचे झुडूप
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही बागकामातली जाणकार नव्हे. एकदा फसले, एवढाच माझा अधिकार!

अमेरिकेत घर घेतले, तेव्हा कुंपणाला बकथॉर्नची दाट रांग होती. शरदात सारी झाडे निष्पर्ण झाली, तरी ही हिरवीगार! हे झुडूप आपल्या बोरीच्या कुळातले, असे कळल्यावर तर माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटले.

पण शेजारच्या वृद्ध बाई एकदा मला आपल्या मागच्या रानात घेऊन गेल्या. खाली नुसती बकथॉर्नची रोपे. त्यांची आवडती रानफुले नाहीशी झालेली. काळी फळे पाखरे खातात आणि बी दूरवर टाकतात. युरोपातून कुंपणासाठी आणलेले झाड असे मोकाट सुटले आहे. माझी हौस त्यांच्या रानाच्या मुळावर आली होती!

आम्ही दोघींनी पाऊस पडून गेल्यावर रोपे उपटली. मोठी झाडे तोडली. पण बुंध्याला पुन्हा धुमारे फुटत, ते वरचेवर खुडावे लागले.

हौस असेल, तर 'फाइन लाइन' ही जात पाहावी. पाने नेच्यासारखी बारीक, उंची 5 ते 7 फूट, रुंदी 2 ते 3 फूट आणि फळ फारच थोडे. ऊन व निचऱ्याची जमीन द्यावी. मात्र काही राज्यांत बकथॉर्न विकण्यास बंदी आहे. आधी चौकशी करावी. मी तर शेजारणीला विचारूनच दोन लावली.

बाग आपली असली, तरी पाखरांना कुंपण नसते, एवढेच माझे सांगणे.