‘वय झालं’ म्हणजे नेमकं काय झालं?

(कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरातील भाषण)



पाळी जाण्याविषयी आपण घाम, चिडचिड, गुडघेदुखी इथपर्यंत बोलतो. लघवीपाशी आलो की गप्प. वस्तीतल्या गटात मी हा विषय काढते तेव्हा आधी सगळ्या तोंडाला पदर लावून हसतात. मग एक म्हणते, शिंकलं की थेंब सुटतो. दुसरी म्हणते, सारखी आग होते, दर दोन महिन्यांनी गोळ्यांचा कोर्स. तिसरीने लग्नाकार्याला जाणंच सोडलेलं असतं. तिघींनाही दवाखान्यात एकच ऐकवलेलं असतं : वय झालं.

मी डॉक्टर नाही, समाजकार्य शिकलेली आहे. पण हे समजायला डॉक्टर असावं लागत नाही.

बीजकोशांतून इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक पाझरतं. त्याचं काम पाळी आणि गरोदरपण एवढंच, असं आपल्याला शाळेत शिकवलं (शिकवलं असेल तर!). प्रत्यक्षात योनी, मूत्रमार्ग आणि मूत्राशय यांनाही ते लागतं. ते मिळतं तोवर तिथलं अस्तर जाड, ओलसर, लवचीक राहतं. योनीच्या अस्तरात एक प्रकारच्या साखरेचा साठा असतो, त्यावर लॅक्टोबॅसिलस जंतू जगतात. दही विरजणाऱ्या जंतूंच्या गोतावळ्यातलेच हे. ते आंबटपणा राखतात आणि त्यात रोगजंतूंचा निभाव लागत नाही. (म्हणून कुणी आत दही लावू नये. हा प्रश्न दर वेळी येतो!)

पाळी थांबताना इस्ट्रोजेन घटतं. अस्तर पातळ आणि कोरडं होतं, आंबटपणा उतरतो, आतड्यातले जंतू तिथे घर करतात. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटीमीटरचा, त्यामुळे त्यांना वर चढायला वेळ लागत नाही. त्याच वेळी मूत्रमार्ग पूर्वीसारखा घट्ट मिटत नाही. अंगातून येणाऱ्या वाफा बहुतेकींच्या काही वर्षांत ओसरतात. हा त्रास मात्र उपचार न केल्यास सहसा वाढतच जातो.

ज्यांचे बीजकोश काढले, त्यांच्यावर हे एकदम कोसळतं. २०१९ साली बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. यातल्या किती जणींना, ‘पिशवी’बरोबर बीजकोशही काढले का, हे कुणी सांगितलं असेल?

यावर उपाय आहे. १९९३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास छापून आला. पाळी गेलेल्या आणि वारंवार जंतुसंसर्ग होणाऱ्या ९३ बायकांपैकी काहींना योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं मलम दिलं, काहींना औषध नसलेलं. औषधाच्या गटात वर्षाला सरासरी ०.५ वेळा संसर्ग झाला, दुसऱ्या गटात ५.९ वेळा. एवढी जुनी माहिती, आणि आपल्या बायका अजून अँटिबायोटिकच्या गोळ्याच गिळताहेत! मलमातून रक्तात फार थोडं इस्ट्रोजेन जातं. तोंडाने घ्यायच्या संप्रेरकाच्या गोळ्यांनी संसर्गाबाबत असा फायदा दिसलेला नाही. स्तनाचा कर्करोग झालेल्या बाईने मलमही डॉक्टरांशी बोलूनच घ्यावं. थेंब सुटण्यावर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम आधी. पाळी गेल्यावर कधीही रक्त दिसलं, तर मात्र थांबू नका; तपासणी हवीच.

पाणी कमी पिणं हा उपाय नव्हे. पण बाजारात मुतारीच नसेल तर भाजीवालीने काय करावं? मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’च्या बायका हेच विचारत आल्या.

आता काम. आपापल्या आरोग्य केंद्रात जाऊन दोन गोष्टी विचारा : लघवीची कल्चर तपासणी होते का, आणि हे मलम मिळतं का. मिळालेलं उत्तर तारखेसह लिहून पुढच्या बैठकीला आणा.