विजेच्या बोर्डावरील दुसरा आंकडा



विजेचा बोर्ड ही आतां केवळ कारखान्यापुरती वस्तु राहिलेली नाहीं. शहरांतील मोठ्या इमारतींत, दवाखान्यांत, पिठाच्या गिरणींत, शेतावरील पंपाच्या खोलींत, कोठेंहि पाहिलें तरी पेटींत ओळीनें बसविलेले सर्किट ब्रेकर दृष्टीस पडतात. त्यांवर १६, ३२, ६३ असा कांहीं आंकडा असतो. किती अँपिअर प्रवाह तो ब्रेकर निरंतर वाहूं शकेल हें त्यावरून कळतें, व तो बहुतेकांस ठाऊक असतो. परंतु घरगुती नमुन्याच्या त्याच ब्रेकरवर एका लहानशा चौकटींत ६००० किंवा १०००० असा आणखी एक आंकडा छापलेला असतो. विकत घेणारा त्याकडे क्वचितच पाहतो. आणि प्राणावरचा प्रसंग आला असतां काय होणार, हें ठरविणारा आंकडा तोच होय.

पहिला आंकडा नित्याचा, दुसरा संकटाचा. शेताच्या पाटाला जें दार असतें त्यांतून रोज किती पाणी सोडावयाचें, हा एक प्रश्न. आणि वरचा बांध फुटून लोंढा आला असतां तें दार बंद होऊन टिकेल कीं उखडून जाईल, हा अगदीं निराळा प्रश्न. पहिल्याचें उत्तर खालच्या पिकावरून निघतें, दुसऱ्याचें वरच्या तळ्यावरून. विजेचें तळें म्हणजे ट्रान्सफॉर्मर.

तीन फेजच्या तारा एकमेकींस भिडल्या म्हणजे विजेच्या वाटेंत दिवा, मोटर, शेगडी असें कांहींच उरत नाहीं. ह्यालाच शॉर्टसर्किट म्हणतात. अशा वेळीं ग्राहकाचा भार पांच अँपिअरचा होता कीं पन्नासाचा, ह्याला महत्त्व नसतें. प्रवाहाला अडविणारे मुख्यतः दोनच: ट्रान्सफॉर्मरच्या अंगचा अवरोध, आणि तेथून बोर्डापर्यंत आलेली केबल. ट्रान्सफॉर्मरच्या पाटीवर हा अवरोध टक्क्यांत लिहिलेला असतो. तो मोजतांना कमी दाबाच्या बाजूचीं टोंकें एकत्र जोडतात आणि दुसऱ्या बाजूचा दाब शून्यापासून हळूहळू वाढवीत नेतात. पूर्ण भाराइतका प्रवाह वाहूं लागला कीं थांबतात. तो दाब नेहमींच्या दाबाच्या जितके टक्के, तितका अवरोध. पांच टक्के दाबानें पूर्ण भाराचा प्रवाह वाहत असेल, तर शंभर टक्के दाबानें त्याच्या वीसपट वाहील, हें त्रैराशिक शाळेंतल्या मुलालाहि सुटेल.

उदाहरणादाखल एक सात मजली इमारत घ्यावी. तिच्या आवारांत ३१५ केव्हीएचा, ४३३ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आहे. त्याचा पूर्ण भाराचा प्रवाह ४२० अँपिअर. अवरोध ५ टक्के धरला तर त्याच्या तोंडाशीं होणाऱ्या शॉर्टसर्किटचा प्रवाह ८,४०० अँपिअर भरतो. तळमजल्यावरील मीटरच्या खोलींत १०,००० अँपिअर तोडण्याच्या शक्तीचे ब्रेकर बसविले, तर ते पुरेसे होत. येथपर्यंत सर्व यथास्थित आहे.

पुढें घरोघर एअर-कंडिशनर आले, दुसरी लिफ्ट आली, मोटारगाड्या विजेवर चालूं लागल्या. भार वाढला, म्हणून जुना ट्रान्सफॉर्मर काढून ६३० केव्हीएचा बसविण्यांत आला. रहिवाशांस आनंद झाला. दिवे मंद होईनासे झाले. मीटरच्या खोलींतील एकहि खिळा कोणी हलविला नाहीं. पण ट्रान्सफॉर्मरच्या तोंडाशींचा शॉर्टसर्किटचा प्रवाह आतां १६,८०० अँपिअर झाला, आणि मीटरची खोली तेथून फार दूर नसेल तर कालपर्यंत सुरक्षित असलेला बोर्ड त्याच दिवशीं अपुरा पडला. दोन ट्रान्सफॉर्मर समांतर जोडल्यानेंहि असेंच होतें, कारण दोघांचे प्रवाह एकत्र येतात. अशा बदलानंतर बोर्ड पुन्हां तपासून घेण्याचें राहून जातें, कारण बाहेरून कांहींच बदललेलें दिसत नाहीं.

अपुरा ब्रेकर नेमका कसा फसतो, हें समजण्यास त्याचें अंतरंग जाणलें पाहिजे. आज घरोघर दिसणाऱ्या लहान ब्रेकरचा पूर्वज जर्मनींत मानहाइम येथें ह्यूगो श्टोट्झ यांच्या कारखान्यांत तयार झाला. त्याचें पेटंट १९२४ सालचें आहे. त्यांत दोन पहारेकरी असतात. भार थोडा अधिक झाला तर दोन धातूंची जोडपट्टी तापून वांकते आणि सावकाश खटका सोडते. शॉर्टसर्किट झालें तर तारेचें वेटोळें लोहचुंबक बनून क्षणार्धांत तो सोडतें. परंतु खटका सुटला म्हणजे प्रवाह तुटला असें नव्हे. स्पर्शबिंदु दूर होतांच त्यांमध्यें आर्क पेटतो. म्हणजे हवाच तापून विजेची वाहक बनते. प्रवाहाचें स्वतःचेंच चुंबकत्व ह्या आर्कला पातळ लोखंडी पत्र्यांच्या कप्प्यांत ढकलतें. तेथें त्याचे अनेक तुकडे होतात, ते थंड होतात व विझतात. हें सर्व सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास उरकतें.

कप्प्यांना पेलेल त्याहून प्रवाह मोठा असला तर आर्क विझत नाहीं. तापलेल्या वायूचा दाब वाढून कवच फुटतें, किंवा स्पर्शबिंदु वितळून चिकटून बसतात. बाहेर आलेला वायु विजेचा वाहक असल्यामुळें येणाऱ्या तारांच्या टोंकांशीं दुसरें शॉर्टसर्किट होतें. आणि तें ह्या ब्रेकरच्या मागच्या अंगाला असल्यामुळें त्याला तोडतां येत नाहीं. रक्षणासाठीं ठेवलेली वस्तुच मग आगीचें मूळ बनते. त्या वेळीं बोर्डापुढें तारतंत्री उभा असेल, तर त्याचा चेहरा आणि हात प्रथम भाजतात.

बोर्डांतील बसबार म्हणजे जाड पट्ट्या, ह्यांचीहि कसोटी त्याच क्षणीं लागते. दोन पट्ट्यांमधील ओढाताण प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर जोर चौपट. यासाठीं नवा ब्रेकर जुन्या बोर्डांत बसविला म्हणजे काम झालें असें समजूं नये. पट्ट्या व त्यांचे आधार किती प्रवाह सोसतील हें बोर्डाच्या पाटीवर पाहावें.

मग प्रत्येक मजल्यावर महागडे ब्रेकर घालावेत काय? तसें नाहीं. केबल ही येथें उपकारक होते. वरील ६३० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरपासून २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल १० मीटर गेली, तर प्रवाह सुमारें १४,५०० अँपिअर राहतो. ४० मीटर गेली, तर सुमारें ७,३०० वर येतो. म्हणून त्या केबलीच्या टोंकाशीं, वरच्या मजल्यावर, १०,००० चा ब्रेकर चालेल. तळमजल्यावर मात्र २५,००० अँपिअर तोडणारा मोठा ब्रेकर हवा.

अंतराची दुसरी बाजूहि आहे. २० अँपिअरचा ‘सी’ जातीचा ब्रेकर १०० ते २०० अँपिअरच्या दरम्यान तत्काळ सुटतो; खात्री धरावयाची ती २०० ची. त्यावरून २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार ९० मीटर लांब नेली, तर टोंकाशीं फेज व न्यूट्रल भिडल्यास जेमतेम १७० अँपिअर वाहतात. मग तत्काळ सुटण्याची खात्री राहत नाहीं व तार तापत राहते. अशा ठिकाणीं तार जाड घ्यावी, किंवा मोटरसारखा भार नसल्यास ‘बी’ जातीचा ब्रेकर घ्यावा. तो तिपटीपासून पांचपटीपर्यंत सुटतो.

मोठ्या ब्रेकरवर तोडण्याच्या शक्तीचे दोन आंकडे असतात. आयसीयू हा अखेरचा. तेवढा प्रवाह तोडल्यावर ब्रेकर पूर्ववत् सेवा देईलच अशी हमी नसते. आयसीएस इतका प्रवाह तोडल्यावर मात्र तो पुन्हां कामास येतो. दवाखान्यासारख्या ठिकाणीं दुसऱ्याकडे लक्ष द्यावें. मागें मोठा ब्रेकर असल्यास पुढें कमी शक्तीचा चालतो, असेंही सांगतात. तें खरें आहे, पण ती विशिष्ट जोडी एकत्र तपासून निर्मात्यानें आपल्या कोष्टकांत दिली असेल तरच. एका निर्मात्याचा मागें, दुसऱ्याचा पुढें, अशा जोडीला तो आधार नसतो.

सामान्य ग्राहकानें हा सर्व हिशेब स्वतः करावा असें नाहीं. तें परवानाधारक कंत्राटदाराचें काम आहे. ग्राहकानें तीन गोष्टी मागून घ्याव्या: ट्रान्सफॉर्मरच्या पाटीवरील केव्हीए व टक्के, केबलची जाडी व लांबी, आणि त्यांवरून काढलेला बोर्डापाशींचा शॉर्टसर्किटचा प्रवाह. हा आंकडा बोर्डाच्या दारावर रंगानें लिहून ठेवावा, आणि ट्रान्सफॉर्मर बदलेल त्या दिवशीं तो पुसून नवा लिहावा. नवा आंकडा ब्रेकरवरील चौकटींतल्या आंकड्याहून मोठा निघाला, तर बोर्ड दुरुस्त झाल्यावांचून नवा ट्रान्सफॉर्मर चालूं करूं देऊं नये.